सेकंदाला पंधरा चित्रं

नीलिमाने जितेशच्या हाताखालचा माऊस ओढून घेतला आणि व्हिडिओ पुन्हा सातव्या मिनिटावर आणला.

"हे बघा. बोटं कुठायत यात? दाखवा मला!"

पडद्यावर तिचे वडील, काशीनाथ, खुणांच्या भाषेत बोलत होते. चेहरा स्वच्छ होता, सदऱ्याची बटणंही मोजता येत होती; पण हात वेगाने फिरले की मनगटापुढे नुसता फराटा उरायचा.

जितेशचं भाईंदर पश्चिमेतलं हे दुकान लग्नाच्या व्हिडिओंवर चालायचं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आवाज तर एकदम क्लीन आहे. मागे बासरी पण टाकलीय."

"कोणासाठी? बाबा जन्मापासून बहिरे आहेत. बघणारेही सगळे बहिरेच! रविवारी कर्णबधिर संघाच्या मेळाव्यात ही डिस्क लागणार, ज्यांना येता येत नाही त्यांना लिंक जाणार. ते काय बासरी ऐकणार?"

"माणूस एका जागी बसलाय, हलत काहीच नाही. म्हणून सेकंदाला पंधराच चित्रं ठेवली. फाइल छोटी होते, मोबाइलवर पटकन उघडते."

"हलत नाही? अहो, हात हलतायत! हातच बोलतायत!"

तिचा आवाज इतका चढला की बाहेरून जाणारी एक बाई थबकली. शेजारच्या स्टुलावर बसलेले काशीनाथ एकदा लेकीच्या तोंडाकडे, एकदा जितेशकडे बघत होते. चौतीस वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते. पण बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात लोक त्यांना ओलांडून नीलिमाशीच बोलायचे, आणि ती प्रत्येक ठिकाणी अशीच तुटून पडायची. त्यांनी काही खूण करायला हात उचलला. 'मी बघते,' असं तिने हातानेच सांगितलं आणि परत जितेशकडे वळली.

"मूळ शूटिंग आहे ना तुमच्याकडे? त्यात सेकंदाला किती आहेत?"

"पन्नास."

"मग पन्नासच ठेवा."

"लिंकला ठेवतो. डिस्कला पंचवीसच्या वर जात नाही, पण अकराच मिनिटं आहेत, क्वालिटी फुल देतो. बोटं दिसतील." जितेशने मान खाली घातली. "मला वाटलं, आवाज महत्त्वाचा. सॉरी, मॅडम."

"लोकांना वाटतंच," ती म्हणाली. सॉरी ऐकूनही तिचा राग उतरला नव्हता.

त्याने सातव्या मिनिटाचा तुकडा नव्याने काढून डिस्कच्या सेटिंगवर लावला. या वेळी एकेक बोट सुटं दिसलं. शूटिंग संघाच्या लोकांनी ती ऑफिसला गेलेली असताना केलं होतं; बाबा इथे काय म्हणाले ते ती पहिल्यांदाच वाचत होती.

'आता सगळीकडे मुलगीच माझ्यासाठी बोलते,' पडद्यावरचे काशीनाथ सांगत होते. 'फार चांगली आहे. पण भांडायला लागली की थांबत नाही. तिचं भांडण संपेपर्यंत माझं सांगायचं राहून जातं. मग आम्ही घरी येतो.' आणि ते स्वतःशीच हसले. कॅमेऱ्यामागे कोणीतरी हसलं असावं; चित्र थोडं हललं.

"आता बरोबर ना?" जितेशने विचारलं. "काय म्हणतायत काका?"

नीलिमाचा राग अजून तसाच होता. तो राग आता कोणावर काढायचा, तेवढं कळत नव्हतं.

"मॅडम? हेच फायनल करू?"

"त्यांना विचारा," ती म्हणाली. "वाचता-लिहिता येतं त्यांना. तुमच्यापेक्षा चांगलं."

ती खुर्चीतून उठली आणि बाबांना तिथे बसवून दारापाशी जाऊन उभी राहिली. जितेशने वही पुढे सरकवली. काशीनाथांनी खिशातलं पेन काढलं आणि ते लिहायला लागले. एक ओळ, दोन ओळी, मग पान उलटलं. जितेश वाचता वाचता मध्येच हसला, त्याने मान हलवली आणि खाली काहीतरी लिहिलं.

काय ते विचारायला नीलिमाचे हात वर आले होते. तिने ते ओढणीत गुंडाळून घेतले आणि रस्त्याकडे बघत राहिली.