सर्वांना पास करणारा रुग्ण

मित्रांनो, आजवर हजारो वेळा माझं हृदय बंद पडलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी सुरूही झालं. मी बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातला, छाती दाबून बंद हृदय सुरू करायचा सराव देणारा जुना रबरी रुग्ण आहे. मला पाय नाहीत. डोकं, छाती आणि खांद्यावर एक दिवा. छाती पुरेशी खोल दाबली की दिवा हिरवा, नाही तर लाल.

नवा होतो तेव्हा मी दणकट पोरांनाही घाम फोडत असे. दहा वर्षांनी छातीतली स्प्रिंग ढिली पडली आणि मी उगाच कुणी हात टेकवला तरी हिरवा होऊ लागलो. तेव्हापासून माझ्यापुढे रांग लागते. शेजारचा नवा पुतळा रिकामा पडून असतो.

खरं काय ते फक्त कृष्णातला ठाऊक होतं. तो निपाणीचा, या खोलीची देखभाल करतो. सांगितलं तर मला भंगारात काढतील, म्हणून तो गप्प होता.

परवा पुण्याच्या सिद्धीची परीक्षा होती. पास झाली की दुसऱ्या दिवसापासून अपघात विभागात, खऱ्या माणसांवर. तिने कोपरं वाकवून माझी छाती दाबली. कणीकसुद्धा याहून जोरात मळतात. मी लाल राहायचा फार प्रयत्न केला. हिरवा झालो. परीक्षक पवित्रा मॅडमनी सहीसाठी पेन उघडलं.

“मॅडम, स्वल्प थांबा,” कृष्णात म्हणाला. “ह्याचं खरं धरू नका. ह्याची स्प्रिंग गेल्या वर्षीच गेलीय.”

“आणि हे आज सांगताय?”

“चुकलंच माझं.”

नव्या पुतळ्यावर सिद्धीचा दिवा लालच राहिला. ती कृष्णातकडे वळली. “अण्णा, पाच मिनिटांनी सांगितलं असतं तर तुमचं काय बिघडणार होतं?”

“माझं काही नाही, ताई. तुमचंही नाही. उद्याच्या पेशंटचं.”

ती कोपरं ताठ करून पुन्हा दाबू लागली. लाल. लाल. लाल. मॅडमनी पेन मिटलं आणि वर्षभरात माझ्यावर पास झालेल्यांची यादी मागवली. एकशे चाळीस नावं निघाली. त्यातलं कोण या क्षणी कुणाच्या छातीवर हात ठेवून उभं असेल, हे खोलीतल्या कुणीच मोठ्याने विचारलं नाही.

मित्रांनो, आता माझ्यावर चादर टाकली आहे. नवी स्प्रिंग येईल, नाही तर भंगारवाला. माझी कीव करू नका. फक्त, चुकणाऱ्यालाही शाबासकी देणारी वस्तू दिसली, तर तिची वेळेवर दुरुस्ती करा. तिच्यावर माया असेल, तर जरा आधीच करा.