एक पाऊल कमी चारशे मीटर

धारूरच्या त्या मैदानावर नऊ वर्षांत कुणी पूर्ण फेरी मारली नव्हती. मैदानात खोट नव्हती. आखणी चोख होती, ट्रॅक मापात चारशे मीटरचा होता आणि पोरापोरींच्या पायांत दमही होता. पण मैदानाच्या मधोमध महादेव होता.

महादेव आधीचा, मैदान नंतरचं. किल्ल्याच्या रस्त्याला ही सपाट जागा सापडली तेव्हा देऊळ हलवायचं की नाही, यावर दोन महिने खल चालला. शेवटी कंत्राटदारानं डोकं चालवलं आणि देवाला मध्ये ठेवून भोवती ट्रॅक आखला. अभिषेकाचं पाणी पूर्वी दगडी पन्हाळीतून कडेच्या बेलाला जायचं, तिथं त्यानं ट्रॅकखालून सिमेंटचा पाइप टाकला. उद्घाटनाला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवस्थानचे मुख्य विश्वस्त मल्लिकार्जुन अप्पा काठी टेकत आले, पाइपाच्या जागी उभे राहिले आणि म्हणाले, "समदं ब्येस झालं. पण गोमुख कसं ओलांडणार?"

शंकराची प्रदक्षिणा अर्धी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गोमुखापर्यंत जायचं आणि तिथून मागं फिरायचं, देवाचं पाणी ओलांडायचं नाही. लाखो रुपये मातीत घालताना मात्र ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग दर सोमवारी अप्पांचा माणूस त्या जागी विभूतीची पांढरी रेघ ओढू लागला. शर्यतीची सुरुवातही नेमकी तिथूनच होती. पोरं रेघेच्या अलीकडून सुटायची, देवाला वळसा घालून रेघेच्या पलीकडच्या अंगाला पोचायची, गपकन थांबायची, गिरकी घ्यायची आणि आल्या वाटेनं परत. एक पाऊल कमी चारशे मीटर जाताना, एक पाऊल कमी चारशे मीटर येताना. याचा फायदा एकच झाला, शाळेचा खो-खोचा संघ तालुक्यात कुणाला हार जाईना.

सत्यशीलाबाई त्या शाळेत खेळ शिकवायच्या. त्यांना ही तऱ्हा पहिल्या दिवसापासून सलत होती. पण देवाशी आणि अप्पांशी एकदम कोण भांडणार म्हणून नऊ वर्षं त्याही गप्प बसल्या, हे आधीच सांगितलेलं बरं. मनातली भडास त्या वेगळ्या वाटेनं काढायच्या. खेळाच्या खोलीत त्यांनी ऑलिंपियाच्या जुन्या मैदानाचा फोटो चिकटवला होता आणि पाऊस असला की मुलांना खाली बसवून त्याची गोष्ट सांगायच्या. ऑलिंपिकचं मूळ मैदान हेच. बसायला पायऱ्या नाहीत, नुसते मातीचे उतार. दोन्ही टोकांना दगडी पट्ट्या आणि पट्टीत पायाची बोटं रुतवायला खाचा. शेजारी तिथल्या लोकांच्या देवांच्या राजाचं देऊळ. सगळी शर्यत त्याच्याच नावानं.

गेल्या वर्षी बीडला जे झालं त्यानं बाईंचं गप्प बसणं संपलं.

ईश्वरी ही मल्लिकार्जुन अप्पांचीच नात. आठशे मीटर पळायची. बीडला पहिली फेरी संपत आली तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती, चांगली दहा-बारा पावलं. समोर पांढरी रेघ आली. ईश्वरी गपकन थांबली, तिनं गिरकी घेतली आणि मागून येणाऱ्या पोरींच्या अंगावर उलटी धावली. दोघी तिच्यावर आपटल्या. अख्खं मैदान पोट धरून हसलं. ध्यानात येऊन ती परत वळली तोवर सगळ्या निघून गेल्या होत्या. धारूरच्या मैदानाची हकिगत बाईंनी सांगायला घेतली तर एक पंच म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." बाईंना रडू आलं. इथं अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते नऊ वर्षं मुकाट वापरलं ते आपणच, हे त्यांना जाळत राहिलं.

बीडची यंदाची निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती. त्या वयोगटात ईश्वरीचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर पुण्याला राहून शिकायचं आणि पळायचं, नाही झाली तर बूट खुंटीला. रविवारी दुपारी बाई उठल्या आणि मोंढ्यात अप्पांच्या धान्याच्या आडतीवर गेल्या.

अप्पा गादीवर बसून सोयाबीनचा नमुना तळहातावर चोळत होते. बाईंना बघून त्यांनी पाणी मागवलं. माणूस वाईट नव्हता. शाळेला पंखे त्यांनीच दिले होते आणि नातीचे बूटही त्यांनीच आणले होते.

"अप्पा, पोरीला पूर्ण फेरी मारू द्या," बाई म्हणाल्या. "तिच्या पायाला थांबायची सवय लागलीय. आठ दिवसांत ती मोडायला पायजे."

"कावून? तुमीच सांगता ना पोरांना त्या मैदानाची गोष्ट? ईश्वरीनं सांगितली मला घरी. तितले लोक बी टोकापर्यंत पळायचे, खुंटाला वळसा घालायचे आन् माघारी यायचे. देवाजवळच. मंग आपलं काय वाईट हाय?"

आपलीच गोष्ट अशी आपल्या तोंडावर येईल असं बाईंना वाटलं नव्हतं.

"यायचे माघारी," त्या म्हणाल्या. "पण तिथं शर्यतच तशी होती. बीडची तशी न्हाई. आन् शास्त्राचं म्हणाल, तर गोमुखाचं पाणी दगडा-मातीनं झाकलेलं असलं की ओलांडायला दोष न्हाई. मी अंबाजोगाईला जाऊन जाणत्या माणसाला इचारून आले. आपलं पाणी तर पाइपातून जातंय. नऊ वर्षं झाकलेलंच हाय की!"

अप्पांनी सोयाबीन परत पोत्यात टाकलं, हात झटकले.

"ते ठावं हाय मला," ते हळूच म्हणाले. "पोरांना मुभा द्यायला माझी ना न्हाई. उद्यापासून पळू द्या. पण पोरींचं तसं न्हाई, बाई. त्यांच्या अडचणी असत्यात. बायामाणसानं देवाचं पाणी ओलांडू नये."

म्हणजे एवढंच होतं तर! बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. नऊ वर्षं ज्याला त्या शास्त्र समजून मान देत होत्या, ते पोरांसाठी एका वाक्यात बाजूला सरकलं.

"मग गोष्ट पूर्ण ऐका, अप्पा," त्या उभ्या राहत म्हणाल्या. "ईश्वरीनं तुमाला अर्धीच सांगितली. त्या मैदानात लग्न झालेल्या बाईनं पाऊल टाकलं तर तिला कड्यावरून लोटायचा कायदा होता. एका पुजारणीला तेवढी बसायला जागा. पुढं ते मैदान नदीच्या गाळात गाडलं गेलं. शेकडो वर्षं वर गाळ आन् खाली मैदान, कुणाला पत्ता न्हाई. मग लोकांनी उकरून काढलं. आन् दोन हजार चारला त्याच मातीत लोखंडी गोळा फेकायची स्पर्धा झाली. बायांनी बी फेकला, अप्पा. त्याच मातीत. देव काय कोपला न्हाई."

"तितला देव येगळा."

"देव येगळा असंल. आडवणारी माणसं तीच हायत. उद्या सकाळी सहाला मी मैदानावर हाय. पाप लागायचं असंल तर आधी मला लागू द्या."

पाणी तसंच ठेवून त्या निघाल्या. रस्ताभर परत फिरायचं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही.

सोमवारी सकाळी मैदानावर ताजी रेघ ओढलेली होती. रेघेवरच, ट्रॅकच्या अगदी आतल्या पट्ट्याला लागून, अप्पा खुर्ची टाकून बसले होते. पाय पट्ट्यावर लांब करून, काठी आडवी धरून. मागे देवस्थानची चार माणसं. खबर फुटली होती, त्यामुळे दूधवाल्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत पन्नासेक बघे जमले होते. ईश्वरी बूट बांधत होती. घरातून ती आजोबांच्या आधी निघाली होती. रात्री त्यांनी तिला जाऊ नको म्हटलं होतं आणि ती "जाते" म्हणाली होती. एवढंच बोलणं झालं होतं.

बाईंनी साडीचा पदर खोचला. पंचेचाळीस ओलांडलेली बाई, गुडघा दुखरा, पायात कॅनव्हासचे बूट. कुणीतरी हसलं. बाई पळायला लागल्या. पहिल्या वळणावरच धाप लागली, तिसऱ्या वळणावर गुडघ्यात कळ उठली. तरी त्या थांबल्या नाहीत. फेरी संपत आली. समोर रेघ, रेघेवर खुर्ची. बाईंनी खुर्चीच्या बाजूनं रेघ ओलांडली, दहा पावलं पुढे गेल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बेलावरचे कावळे ओरडत होते ते ओरडतच राहिले. बाकी काही झालं नाही.

"आता तू," बाई म्हणाल्या.

ईश्वरी सुटली. तिला पळताना बघणं म्हणजे सुख होतं. खांदे सैल, मान ताठ, पावलाचा आवाजसुद्धा नाही. शेवटचं वळण घेऊन ती सरळ पट्ट्यात आली, रेघ जवळ आली, आणि ईश्वरी गपकन थांबली. गिरकीच्या तयारीत एक पाय मागे तसाच राहिला. कुणी अडवलं नव्हतं. अप्पांनी काठीसुद्धा हलवली नव्हती.

"बघितलं?" अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा श्वास होता. "देवानंच थांबवली लेकराला."

"देवानं न्हाई, सवयीनं," बाई कडाडल्या. "आन् ती सवय तुमी आमी लावलीय."

"जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई, बाई."

ईश्वरीचे डोळे भरून आले होते. बीडचं ते हसणं तिच्या कानात पुन्हा वाजत असणार, हे बाईंना कळत होतं. त्या रेघेच्या पलीकडे गेल्या आणि हात पसरून म्हणाल्या, "माझ्याकडं बघ. रेघेकडं बघूच नको. माझ्याकडं ये."

ईश्वरीनं बाहीनं डोळे पुसले. "न्हाई बाई. तुमी बाजूला व्हा," ती म्हणाली. "बीडला तुमी रेघेपलीकडं थोड्याच उभ्या राहणार? आन् मी रेघेकडं बघणार. चांगलं बघून ओलांडणार."

मग ती आजोबांकडे वळली. "आज्जा, तुमी बसा तितंच. हालू नका."

बाई बाजूला झाल्या. ईश्वरी आल्या वाटेनं चालत पुन्हा सुरुवातीला गेली, श्वास घेतला आणि सुटली. या खेपेला बघे ट्रॅकच्या कडेला सरकले होते. दुसरं वळण, तिसरं वळण. बाईंच्या हातातलं घड्याळ घामानं ओलं झालं. सरळ पट्ट्यात येताच ईश्वरीची नजर खाली गेली, रेघेवर खिळली. पाऊल अडखळलं. एकच पाऊल. दुसरं तिनं असं जोरात आपटलं की विभूती उडाली, आणि ती रेघेपलीकडे होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते उरलेलं पाऊल कुणा पोरीनं टाकलं. कॉलेजची पोरं ओरडली, दूधवाल्यांनी कॅनवर हात वाजवले.

अप्पा खुर्चीत ताठ बसले होते. पाय तसेच लांब केलेले, ट्रॅकच्या आतल्या पट्ट्यावर. पहिल्यांदा ईश्वरी त्यांच्या पायांना वळसा घालून बाहेरून गेली होती. दुसऱ्या फेरीला ती आली तेव्हाही तिनं वळसा घातला, पण तेवढ्यात काठी उचलून अप्पा म्हणाले, "पुरे आता, ईश्वरी! थांब!"

बाईंनी घड्याळ दाबलं. आठशे मीटर झाले होते. वेळ चांगली होती, बीडला पहिली आणणारी. "झालं गं! झाले आठशे!" त्या ओरडल्या.

पण ईश्वरी थांबली नाही. आज तिला कुणाच्याच सांगण्यावरून थांबायचं नव्हतं, आजोबांच्या नाही आणि बाईंच्याही नाही. तिसऱ्या फेरीला ती वळणावरून आली ती आतल्या पट्ट्यातूनच, सरळ, वळसा घालायचा काही विचार नसल्यासारखी. सगळं मैदान अप्पांच्या पायांकडे बघत होतं.

अप्पांनी पाय आत घेतले.