सकाळच्या भावातली चप्पल

कोलंबसने रुखमाबाईला दोनदा हरवले होते, आणि तिसऱ्यांदा हरायची तिची मुळीच तयारी नव्हती.

हा कोलंबस म्हणजे वरोऱ्याबाहेरच्या 'मौजमहाल'मधली झुलणारी लोखंडी नाव. पहिल्या वर्षी गर्दी एवढी, की नंबर लागायच्या आतच काळीपिवळी जीपवाल्याने परतीचा हॉर्न ठोकला. दुसऱ्या वर्षी मायलेकी अगदी फाटकापर्यंत पोहोचल्या आणि लाइट गेली. नाव तिरपी होऊन लटकली, आतली माणसे शिडी लावून उतरवली, आणि कोरपन्याकडची ही सगळी मंडळी भजी खाऊन घरी आली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात, इथे तर नुसत्या झुल्याला होती.

यंदा मात्र शेवटची संधी होती. वैशाखात लेकीचे, मयुरीचे लग्न, आणि सासर कुठे, तर सिरोंचाला. तिथून माहेरी यायचे म्हणजे दीड दिवसाचा कुटाणा. 'लग्नाच्या आधी आपण दोघी एकदा नावेत बसू' असे रुखमाबाईने पोरीला कबूल केले होते. खरे तर पोरीपेक्षा तिलाच ते हवे होते. पोर आपल्या शेजारी, आपल्या मांडीला मांडी लावून बसायचे हे शेवटचेच दिवस, आणि त्यातली एक घटका तिला त्या नावेत पाहिजे होती.

मौजमहालचे मालक नवाबभाई. आधी त्यांचा मंडप-बिछायतीचा धंदा होता, त्यामुळे माणसे जमवायची कला त्यांच्या हाडातच होती. जमलेल्या माणसांना जागा करायची कला मात्र राहून गेली. दरवर्षी गर्दी वाढे, दरवर्षी तिकीट वाढे, भज्यांची प्लेट तेवढी लहान होत जाई. फाटकापाशी तीन वर्षांपासून पाटी होती, 'दुसरा कोलंबस लवकरच'. पाटीमागे चार खांब उभे होते. एकाला बकरी बांधलेली, दुसऱ्यावर चौकीदाराची लुंगी वाळत असलेली.

मार्चातला रविवार होता. ऊन असे, की पत्र्यावर पापड भाजावा. कोलंबसची लाइन पाण्याच्या टाकीला वळसा घालून पार शेतापर्यंत गेली होती आणि मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मयुरीचा चेहरा लाल झाला. लग्नाआधी पोर काळवंडली तर सिरोंचाचे लोक काय म्हणतील, या विचाराने रुखमाबाईने आपली छत्री तिच्यावर धरली, पण त्या उन्हाला छत्री पुरेना.

"आई, राहू दे," मयुरी म्हणाली. "नाई बसलो तर काय बिघडते?"

"लय बिघडते. मले सांग, याचं नाव कोलंबसच ना?"

"हो."

"म्हंजे बसच ना?"

"आई, ते मानसाचं नाव हाये. तो जहाज घेऊन गेला होता."

"असन. जहाजवाला असो का एस्टीवाला, बस ते बस. अन् बशीत रुमाल टाकला का जागा आपली."

रुमाल तिने टाकलाही, पण तो वाऱ्याने उडून बकरीपाशी गेला आणि बकरीने त्याचा विचार सुरू केला. मग रुखमाबाईने पायातल्या चपला काढल्या, मयुरीच्या काढायला लावल्या, दोन्ही जोड लाइनीत नीट मांडले आणि पोरीचा हात धरून तापलेल्या मातीवरून टुणटुण उड्या मारत मोहाच्या झाडाखाली पळाली. रॉकेलच्या लाइनीत डबे राहतात, दळणाच्या लाइनीत पायल्या राहतात, मग झुल्याच्या लाइनीत चपलांनी काय घोडे मारले होते?

मागची बाई थोडा वेळ त्या चपलांकडे बघत राहिली. मग तिनेही काढल्या. तिच्या मागच्याने काढल्या, पुढच्यांनीही काढल्या. बघता बघता सगळी लाइन चपलांची झाली आणि सगळे पब्लिक झाडाखाली आले. मोहफुलांचा सडा पडलेला, त्या वासाने माणसे निम्मी झिंगलेली. कुणी चिवडा सोडला, कुणी मयुरीचे लग्न ठरल्याचे ऐकून तिला गाणी म्हणून चिडवले. एक फेरी सुटली की पुढचे उठून नावेकडे धावत, आणि रुखमाबाई छत्रीच्या दांड्याने मागच्या साऱ्या चपला पुढे ढकलत येई. असा सोहळा तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तो तिनेच सुरू केला होता, याचा तर तिला फारच आनंद झाला.

दुपार कलली तेव्हा नवाबभाई ऑफिसातून बाहेर आले. गर्दी पाहून भाव वाढवायचा, म्हणून हातात खडू. पण बघतात तर लाइनीत माणूस नाही.

"अरे बिलाल, पब्लिक कुठी गेली रे?"

बिलाल त्यांचा पुतण्या, नाव चालवायचे काम त्याच्याकडे. "चाचा, पब्लिक झाडाखाली हाये. लाइनीत चपला हायेत."

नवाबभाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच त्यांनी तिकिटाच्या फळ्यावर तीसचे चाळीस करून टाकले. झाडाखाली हे कळायला वेळ लागला नाही. अख्खे झाड उठून आले.

"माझी चप्पल सकाळच्या भावात उभी हाये," रुखमाबाई म्हणाली. "दहा रुपये काऊन जास्त देऊ?"

"बाई, चपलेचा कुठी नंबर असते का?"

इथे लटारू बोलला. लटारू म्हणजे रुखमाबाईचा नवरा. बोलायचे काम त्याने लग्नाच्या दिवशीच बायकोकडे सोपवले होते. झुल्याला तो असा घाबरे, की नावेकडे पाठ करूनच बसला होता. पण गोष्ट लाइनीची निघाली आणि कापूसवाल्या माणसाला राहवले नाही.

"नवाबभाऊ, खरेदी केंद्रावर आमची कापसाची बैलबंडी लाइनीत लागते, तवा आमी काय बंडीवर बसून राह्यतो का? बैल सोडतो अन् झाडाखाली झोपतो. तरी बंडीचा नंबर तो नंबर. मंग चपलेनं काय पाप केलं?"

"बंडीत कापूस राह्यते, लटारूभाऊ. चपलेत काय हाये?"

"आमीच हाओ जी," रुखमाबाई म्हणाली. "पाय तेवढे सावलीत नेले."

नवाबभाईंनी चपलांच्या त्या लांबलचक लाइनीकडे पाहिले, मग अनवाणी पब्लिककडे पाहिले. पायातल्या चपला हातात यायला किती वेळ लागतो, हे मंडपवाल्याला शिकवावे लागत नाही. त्यांना हसू आवरेना. "बरं बापा," ते म्हणाले, "ज्याची चप्पल लाइनीत, त्याले तीस. नव्या चपलेले चाळीस."

सूर्य टेकायला आला तेव्हा मायलेकींचा नंबर लागला. चपला बाजूला ठेवून दोघी अगदी टोकाच्या बाकावर बसल्या. बिलालने दांडा ओढला. नाव आधी पाळण्यासारखी हलली, मग वर गेली, आणखी वर गेली, आणि वरून खाली येताना रुखमाबाईचे काळीज वरच राहिले. मयुरीने दोन्ही हातांनी आईचा दंड धरला, लहानपणी तापात धरायची तसा. रुखमाबाईला हसू फुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत होती, आणि त्यातले सगळे पाणी हसण्याचे नव्हते. आता ही नाव थांबूच नये, असे तिला वाटले. पण भाव वाढला तशी फेरी लहान झाली होती. नाव थांबली.

काळीपिवळीचा हॉर्न वाजत होता. रुखमाबाईने दोन्ही जोड उचलले, पण पायात घातले नाहीत. सरळ चालत लाइनीच्या शेवटाला गेली आणि तिथे मांडून ठेवले.

"बाई, आता बंद करून राह्यलो," नवाबभाई म्हणाले.

"करा ना. पोरगी दिवाळीले येईन, तवा बसू. आजचा भाव धरून ठेवा."

"दिवाळीपर्यंत चपला लाइनीत?"

"तुमच्या लाइनीची चाल पाह्यता, नंबर तवाच लागन जी."

नवाबभाईंनी दुसऱ्या कोलंबसच्या त्या चार खांबांकडे पाहिले. खिशातून सुतळी काढून त्यांनी दोन्ही जोड एकत्र बांधले.

मयुरी आईकडे बघतच राहिली. "लग्नासाठी घेतलेल्या नव्या चपला होत्या तुह्या."

"म्हनूनच ठेवल्या. जुन्या चपलेची कोन कदर करते?"

लटारू 'पाणी पिऊन येतो' म्हणून गेला आणि सगळ्यात शेवटी, पळत येऊन गाडीत चढला. वाटेत मायलेकी एकमेकींचे धुळीने माखलेले पाय बघून हसत राहिल्या. मयुरी थोडा वेळ रडली, मग आईच्या खांद्यावर डोके ठेवून झोपून गेली. रुखमाबाईने गाव येईपर्यंत तो खांदा हलवला नाही.

गावात उतरल्यावर लटारू काट्यातून चालल्यासारखा जपून पावले टाकू लागला. रुखमाबाईने खाली पाहिले. त्याच्याही पायात काही नव्हते.

"अवो, तुमच्या चपला?"

नावेकडे दिवसभर पाठ करून बसलेला तो माणूस दुसरीकडे बघत म्हणाला, "चोरीले गेल्या वाट्टे."