प्रार्थनाघराचा आडोसा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी आडोसा आहे. पण जुना म्हटल्याबरोबर चुकचुकायला लागू नका. माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात हे खरे, पण कणा अजून ताठ आहे. मला तीन फळ्या आहेत. त्या सरळ उघडल्या की मी भिंतीसारखा लांब होतो. वळवल्या की एका माणसाला तिन्ही बाजूंनी कवेत घेतो. आणि मिटल्या की दाराआड निमूट उभा राहतो. इतके गुण असलेले दुसरे लाकडी सामान तुमच्या घरात असेल तर मला जरूर दाखवा.

मला घडवले एका तापट सुताराने. प्रार्थनाघरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला बोलावून सांगितले, "प्रार्थनेला बायका एका बाजूला बसतात, पुरुष एका बाजूला. मध्ये काहीतरी आडवं पाहिजे."

"मग भिंत घाला की. गवंड्याला बोलवा, मला कशाला?"

"भिंत कायमची होते रे बाबा. लागेल तेव्हा उघडता यावं, नको तेव्हा मिटता यावं, असं काहीतरी कर."

सुतार कुरकुरत घरी गेला आणि कामाला लागला. चांगले मुरलेले लाकूड निवडून त्याने त्यावर रंधा मारला, पॉलिश चढवले, पितळी बिजागऱ्या बसवल्या. अगदी वरच्या बाजूला, उंच माणसाच्याही डोक्यावर, त्याने नक्षीची जाळी कोरली. मंडळी म्हणाली, "जाळी कशाला?" तो म्हणाला, "प्रवचन बायकांना ऐकू जायला नको? की त्यांनी नुसतं माझं पॉलिश बघत बसायचं?" असा मी जाळीसकट प्रार्थनाघरात आलो.

ते माझे ऐन उमेदीचे दिवस होते. पुरुषांच्या बाजूला सगळे गंभीर. बायकांच्या बाजूला मात्र अर्धे प्रवचन ऐकले जाई आणि उरलेल्या अर्ध्यात कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या सासूचे गुडघे धरले, याची चौकशी होई. थकलेल्या बाया माझ्याच अंगाला पाठ टेकून बसत. रांगती पोरे माझ्या खालून पलीकडे बापाकडे जात आणि त्याने डोळे वटारले की परत आईकडे येत. त्या काळचे धर्मगुरू म्हातारे होते. ते खोटे बोलण्यावर, रागावर, शेजाऱ्याशी कसे वागावे यावर बोलत. कोणत्याही पक्षाचे नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही.

प्रार्थनाघराचे दालन गावातले सगळ्यात मोठे, म्हणून निवडणुकीचे मतदानही तिथेच होई. आता गंमत ऐका. मतदान गुप्त असते, त्यासाठी एक आडोसा लागतो, असे सरकारी कागदात लिहिलेले होते. आमच्या लोकांनी ते वाचले आणि म्हणाले, "हात्तिच्या! आडोसा तर आपल्याकडे आहेच." त्यांनी मला बाहेर काढले आणि नेहमीच्या जागी उभे केले. बायकांची रांग एका बाजूला आणि पुरुषांची दुसऱ्या. मतपत्रिकेवर शिक्का मारायचे टेबल मात्र पुढे, अगदी उघड्यावर. आडोसा म्हणजे बायका आणि पुरुष यांच्या मध्ये लावायची वस्तू, याच्या पलीकडे कोणाच्या मनात काही आलेच नाही. टेबलाशेजारी धर्मगुरूंची खुर्ची असे. माणूस यायचा, त्यांना नमस्कार करायचा, त्यांच्या डोळ्यांसमोर शिक्का मारायचा आणि जायचा. वर्षानुवर्षे असेच चालले. बाहेरून येणारे अधिकारीही चहा घेत, सावलीत बसत आणि सगळे शिस्तीत चालले आहे असे म्हणत. शिस्त होतीच!

म्हातारे धर्मगुरू गेले आणि नवे आले. माणूस वाईट नव्हता हो. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढायचा, कोणाच्या दुःखात स्वतः रडायचा. आवाज तर असा की लाकडातही कंप उठावा. पण त्या आवाजाची कीर्ती एका पक्षापर्यंत पोचली. पक्षाचे पुढारी पहिल्या ओळीत येऊन बसू लागले आणि फोटो काढून होईपर्यंत डोळे मिटून राहू लागले. धर्मगुरूंच्या मनात एक गोष्ट फार दिवस होती. मोठ्या मुलींनी शाळेत जाऊ नये, घर सांभाळावे, म्हणून शाळेतले मुलींचे वरचे वर्ग बंद व्हावेत. पुढारी हात जोडून म्हणाले, "गुरुजी, तुमची इच्छा ती आमची आज्ञा. निवडून आलो की वर्ग बंद. तुम्ही फक्त आमच्यासाठी एक शब्द टाका."

गुरुजींनी एक नाही, पुष्कळ शब्द टाकले. प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी ते सांगू लागले, "खरा श्रद्धावान मत कुठे देईल, हे मी सांगायला नको." आणि मग सांगत.

आता तुम्हाला आक्काची ओळख करून देतो. आक्का प्रार्थनाघर झाडायची, सतरंज्या घालायची, मला उघडायची आणि मिटायची. माझ्या अंगावरून तेलाचे फडके फिरवणारी तीच. नवरा वारलेला. एक लेक होती, आणि दोघी दिराच्या घरात राहत. दीर पक्षाचा कार्यकर्ता. झेंडे, पत्रके, घोषणा, सगळे त्याच्या अंगणातून निघायचे. लेक शाळेच्या वरच्या वर्गात नुकतीच गेली होती. आक्का झाडताना गणिताचे पाढे पुटपुटायची. लेकीला पाठ म्हणायला लावून लावून तिचे स्वतःचेच पाठ झाले होते.

दिराने घरात सांगून ठेवले होते, "वहिनी, गुरुजींसमोर नीट शिक्का मारा. त्यांनी मला नंतर काही सांगायची वेळ आणू नका. माझ्या घरात राहून माझ्या पक्षाच्या विरोधात गेलात, तर तुमचं बिऱ्हाड तुम्ही बघा." हे आक्काने मतदानाच्या आदल्या दिवशी गुरुजींच्या बायकोला सांगितले. सगळ्या जणी त्यांना माई म्हणत. दोघी माझ्या सावलीत बसून सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या.

"मग काय करणार?" माईंनी विचारले.

"काय करू माई? पक्षाला दिलं तर पोरीची शाळा जाते. नाही दिलं तर डोक्यावरचं छप्पर. शिक्का एकच, आणि बघणारे डोळे इतके."

माई घडी घालत राहिल्या, पण ती चुकली. त्यांनी ती पुन्हा घातली.

मतदानाच्या दिवशी जे अधिकारी आले, ते दूरच्या गावचे मास्तर होते. अंगात कणकण, गळ्यात मफलर, नोकरीची धास्ती चेहऱ्यावर. त्यांनी चहा नको म्हटले तेव्हाच मंडळी बिचकली. मास्तर दालनात फिरले आणि टेबलाजवळ येऊन थांबले.

"आडोसा कुठाय?"

"हा काय साहेब!" चार जणांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, टेबलाकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. "अहो, तो इथे काय करतोय? तो टेबलाभोवती पाहिजे!"

"टेबलाभोवती? टेबलाला कोण बघतंय?" कोणीतरी विचारले.

"तेच तर! कोणी बघायचं नाही. शिक्का मारणारा एकटा पाहिजे. आडोसा लावल्याशिवाय मी मतदान सुरू करणार नाही. उद्या माझी नोकरी गेली तर तुम्ही पोसणार आहात का मला?"

मग गलका झाला. वडीलधारे म्हणाले, आडोसा हलवला तर बायका-पुरुष एकमेकांसमोर येतील, हे धर्माला धरून नाही. दीर पुढे झाला. "त्यात काय एवढं! टेबलाला नावापुरती चादर बांधू." त्याने घाईघाईने चादर आणली, दोरी बांधली, टेबलाभोवती लटकवली. वरून पंख्याचा वारा आला आणि चादर अशी काही उडाली की टेबल, शाई, शिक्का सगळ्या जगाला दिसले. पंखा बंद केला तर पुढच्या ओळीतले आजोबा घेरी येऊन खाली बसले. पंखा पुन्हा लावावा लागला. बायकांच्या बाजूला हसू पिकले.

तेवढ्यात आक्का हळू आवाजात म्हणाली, "चादर इकडे बांधू या, रांगांच्या मध्ये. आणि आडोसा तिकडे नेऊ."

मित्रांनो, आता धर्माची सबब उरली नाही. कारण बायका-पुरुषांमध्ये चादर असली तरी धर्माचे काही बिघडत नव्हते. बिघडणार होते ते दुसऱ्याच कोणाचे, आणि ते त्या क्षणी सगळ्यांना कळले.

"वहिनी," दीर दातओठ खात म्हणाला, "तुमचं काम झाडायचं आहे. हात लावायचा नाही त्याला."

आक्काचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती म्हणाली, "इथली हलवाहलव माझ्याकडेच असते, भाऊजी." आणि तिने माझी एक कड धरली.

मी जड आहे. मला उचलायला दोघे लागतात. तिने माझी एक बाजू उचलली आणि ती तशीच उभी राहिली. दुसऱ्या बाजूला कोणी येईना. पुरुष छताकडे बघत होते. तिने मला खाली ठेवले असते तर सगळे संपले असते. चहा आला असता, मास्तरांची समजूत घातली गेली असती.

गुरुजी खुर्चीतून म्हणाले, "आक्का, घाई करू नका. विचार करून ठरवू."

तेव्हा बायकांच्या रांगेतून माई पुढे आल्या. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची त्यांची पहिलीच वेळ. "अहो, परवा प्रवचनात तुम्हीच सांगितलंत ना, माणसाच्या मनातलं फक्त देवाला दिसतं?"

"हो, सांगितलं."

"मग देवाला बघू द्या की. तुमची खुर्ची तेवढी मागे घ्या."

कोणीतरी फिस्सकन हसले आणि लगेच खोकला काढला. गुरुजी लाल झाले. त्यांनी बायकोकडे पाहिले, तिथून त्यांची नजर माझी कड धरून उभ्या असलेल्या आक्कावर गेली. मी सांगितले ना, माणूस वाईट नव्हता. ते उठले, खुर्ची स्वतःच्या हाताने उचलली आणि पार भिंतीपाशी नेऊन ठेवली. माईंनी माझी दुसरी कड धरली. "चल गं. कंबर सांभाळ," त्या आक्काला म्हणाल्या.

दोघींनी मला टेबलाजवळ नेले आणि वळवून उभे केले. सुताराने मला घडवले त्या दिवसानंतर मी इतका ताठ पुन्हा कधी उभा राहिलो असेन तर त्याच दिवशी.

दिवसभर माणसे एकेक करून आत आली. आत आल्यावर बहुतेक जण आधी मागे वळून बघायचे, कोणी आहे का. कोणी नाही हे पटायला वेळ लागायचा. एक म्हातारी तर "आता मी काय करू?" असे मलाच विचारून बसली. गुरुजीही आले. शिक्का हातात धरून बराच वेळ उभे राहिले. आक्का आली, तिने एक मोठा श्वास घेतला आणि तिचे काम झाले. कोणी कुठे शिक्का मारला, असे विचाराल तर मी सांगणार नाही. मी आडोसा आहे. तेच तर माझे काम.

पक्ष निवडून आला, पण कसाबसा, काठावर. आणि कोणी दिले, कोणी नाही, हे कोणालाच कळेना. दीर आक्काला रोज विचारायचा. आक्का माईंना सांगत होती, "मी म्हणते, भाऊजी, आधी तुमचं सांगा. तर म्हणतात, माझं कशाला सांगू? म्हटलं, मग झालं तर." कारण सापडेना, म्हणून बिऱ्हाडही काही कोणी बाहेर काढले नाही.

पुढच्या प्रार्थनेला पुढारी आले, ते पहिल्या ओळीत बसले नाहीत. माझ्याजवळ येऊन उभे राहिले, घसा साफ केला आणि जाळीकडे तोंड करून म्हणाले, "ताई, मावश्यांनो, तुमचं काही म्हणणं?" इतक्या वर्षांत कोणी पुढारी माझ्या पलीकडे बोलला नव्हता. मत कोणाच्या मुठीत आहे हे माहीत असले की कोणी विचारत नाही. माहीत नसले की प्रत्येकीला विचारावे लागते.

"मुलींच्या वर्गांचं काय?" पलीकडून एकीने विचारले. मग दुसरीने. मग कितीतरी जणींनी. पुढाऱ्यांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी म्हणाले, "मला काय विचारता? त्यांना सांगा." आणि वर्ग चालू राहतील असे पुढाऱ्यांना सगळ्यांदेखत सांगावे लागले. दुसऱ्या दिवशी आक्काची लेक दप्तर घेऊन प्रार्थनाघरावरून शाळेत गेली. झाडू हातात धरून आक्का ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिली.

त्याला आता खूप वर्षे झाली. हल्ली मतदानाला पुठ्ठ्याचे हलके आडोसे येतात, आणि मी सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांशेजारी असतो. मध्यंतरी माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले होते. मी मनाला लावून घेतले नाही. आक्का थकली आहे, तरी अधूनमधून येऊन तेलाचे फडके फिरवते. तिच्याकडूनच कळते की आता काही माणसे पुठ्ठ्याच्या आत जाऊन आपल्या मताचा फोटो काढतात आणि बाहेर कोणा साहेबाला, कोणा वडीलधाऱ्याला दाखवतात. ऐकून माझ्या फळ्या करकरतात.

मित्रांनो, मला पॉलिश नसले तरी चालेल. वाळवीपासून मात्र जपा, आणि बिजागऱ्यांना वर्षातून एकदा तेल द्या, म्हणजे झाले. पण तुम्ही मोठे व्हाल आणि कोणत्याही आडोशाच्या आत जाल, तेव्हा सोबत कोणाला नेऊ नका. घरच्या माणसाला नाही, गुरूला नाही, पुढाऱ्याला नाही आणि फोनलाही नाही. आतली जागा एकाच माणसापुरती असते. ती कोणाला देऊ नका. बाहेर उभा राहायला मी समर्थ आहे.