जेवणाआधीची कॉफी

आर्डिसने गुरुवारी पुन्हा कुणाच्या पुढ्यातली प्लेट ओढली, तर तिला नव्वद मैलांवरच्या कुलूपबंद आश्रमात हलवायचं, असं वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकबाईंनी तिच्या नवऱ्याला, ऑरिनला, अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं. मिनेसोटात वाईट बातमी गोड शब्दांतच देतात. ती झोंबते घरी पोचल्यावर. ऑरिन सत्त्याऐंशीचा. गाडीचा परवाना गेलेला. रोज दुपारी चालत यायचं आणि बायकोशेजारी बसून जेवायचं, एवढाच त्याचा दिवस. ईस्टरपासून तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती, तरी.

माणसं कशी वागतात आणि का, हे शिकलेली, आश्रमानेच बोलावलेली पाहुआ आठवडाभर जेवणघराच्या कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. वहीत तीन रकाने : आधी काय झालं, आर्डिसने काय केलं, नंतर काय झालं. ‘बायकोचं डोकं हरवलंय माझ्या, आणि ही लिहितेय दिनचर्या,’ असं ऑरिन मनात चरफडायचा.

बुधवारी तिने वही त्याच्यापुढे सरकवली.

“ऑरिन, सात दिवसांत नऊ प्लेटा. नऊच्या नऊ वेळा आधी तिच्या हातात कॉफी होती. दोन दिवस कॉफीचं यंत्र बिघडलं होतं, तेव्हा एकही नाही. जेवणाआधी कॉफी द्यायचं कुणी ठरवलं?”

ऑरिनने टोपी काढून मांडीवर ठेवली. “मीच. म्हटलं, कॉफी मिळाली की गप बसेल.”

“कॉफी आली की तिच्या लेखी काय होतं?”

आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं लुथरन चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर आर्डिसच्या हाती होतं. लग्न असो की मयत, तिथे कॉफी फिरली की जेवण संपलं.

“कॉफी म्हणजे प्लेटा उचला,” तो म्हणाला. “पाहुण्यांना कढत कॉफी, आणि मला तळाची गार. कारण काय, तर मी घरचा. म्हणजे बिचारी काम करत होती गं. आणि कामाला लावत होतो मीच.”

“मग करू द्या की काम.”

गुरुवारी कॉफी आली ती सगळ्यांचं जेवून झाल्यावर. तोवर आर्डिस निवांत ओव्हनमध्ये भाजलेली खिमा-बटाट्याची हॉटडिश खात होती. ऑरिनची नजर मात्र दाराकडे होती. व्यवस्थापकबाई आर्डिसला हलवायचा कागद घेऊन दारातच उभ्या होत्या. पाहुआने आर्डिसला एप्रन बांधला, ढकलगाडी दिली आणि हातात किटली दिली.

“झालं का तुमचं?” एकेकाला विचारत आर्डिसने प्लेटा उचलल्या, कप भरले.

“मागच्या वेळी न विचारताच नेलीस, बाई,” शेजारच्या टेबलावरचा म्हातारा वॉल्डो म्हणाला. मागच्या वेळी त्याच्याच पँटवर रस्सा सांडला होता. तरी त्याने कप पुढे केला. बाईंनी कागदाची घडी करून खिशात टाकली.

ऑरिनचा कप ओलांडून आर्डिस पुढे गेली. परत येतानाही थांबली नाही. त्याने मान खाली घातली.

“आर्डिस, ऑरिन राहिला,” वॉल्डो म्हणाला.

“राहू दे,” ती मागे न बघता म्हणाली. “तो घरचा आहे. त्याला शेवटी.”

ऑरिन रिकामा कप दोन्ही हातांत धरून बसून राहिला. त्याला काही घाई नव्हती.