मेथी लागलेला हात

काळ्या शेळीने आपल्याच करडाला ढुशी दिली. थोरलीला वाटलं, चुकून. दुसऱ्या ढुशीला करडू भिंतीशी जाऊन पडलं, तेव्हा कळलं, शेळी पिल्लू घेत नाही. पहिला चीक पोटात गेला नाही तर करडू संध्याकाळ बघणार नव्हतं.

थोडं मागे जायला हवं.

थोरलीचे हात. शेळी विताना अडली की अख्खी गल्ली या हातांसाठी धावत यायची. करडू बाहेर पडताच थोरली ते उचलणार, नाकातोंडातला चिकटा काढणार, अंग चोळून कोरडं करणार, मग आईपुढे ठेवणार. हिच्या हाताला यश आहे, म्हणायचे लोक. लोकांचं काय, वारा येईल तशी पाठ.

मग धाकटी जाऊ घरात आली. येताना बरणी घेऊन आली. मेथी, बडीशेप, शेवग्याचा वाळलेला पाला, शतावरीचं मूळ, सगळं कुटून केलेली पूड. गाभण शेळीला शेवटचे काही आठवडे कोंड्यातून थोडी थोडी द्यायची. शेळ्या आता अडत नाहीत, असं गल्ली म्हणू लागली. कासा भरून येतात, असंही.

थोरलीच्या हातांना काम उरलं नाही. त्याच बाया आता दारावरूनच विचारायच्या, धाकटी आहे का घरात? आहे, थोरली सांगायची. सासूच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणाली, जळायला घरात चूल आहे, तू कशाला जळतेस.

म्हणून आजची सकाळ.

धाकटी पाण्याला गेलेली. काळीला थोरलीने धाकटीची पूड कधी लागूच दिली नव्हती, आणि आता तिला कळा सुरू. बरणीचं झाकण. एक मूठ. कित्येक आठवड्यांचं काम एका मुठीत उरकायचं आणि वर बायांना सांगायचं, बघा, काळीची कास माझ्या हातांनी भरली. पूड काळीला चारून थोरलीने हात धुतले. पण मेथीचा वास थोडाच पाण्याने जातो.

करडू आलं. उचललं, चोळलं, कोरडं केलं, पुढे ठेवलं. काळीने हुंगलं.

ढुशी.

धाकटी दारात आली ती तेव्हाच. करडू उचलायला वाकली, मध्येच थांबली आणि हात पाठीमागे बांधून घेतले.

"जाऊबाई, करडाला मेथीचा वास येतोय."

बरणीकडे दोघींपैकी कुणीच बघितलं नाही. धाकटीने एवढंच सांगितलं की ती सारखी पूड कुटते, म्हणून नव्या करडाला हातच लावत नाही, आईलाच चाटू देते.

"शेळी काय डोळ्यांनी ओळखते होय? काळीखालचं ओलं गवत उचला अन् त्यानेच चोळा. नुसत्या हाताने नको. तुम्हालाच करावं लागेल, माझ्या हातांचा वास तर दहापट."

थोरलीने गवत उचललं. काळीच्याच, वितानाच्या पाण्याने भिजलेलं, कोमट. पाठ, शेपटीखाली, डोकं. काळीने हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मग जीभ बाहेर आली, आणि थोड्या वेळाने करडू लटपटत सडाला लागलं.

सासू डोकावली. काय झालं, विचारलं. थोरलीने हात पदराआड घेतले.

"शेळी पिल्लू घेत नव्हती," धाकटी म्हणाली. "जाऊबाईंनी लावून दिलं. मी नुसती उभी होते."

अक्षर न् अक्षर खरं. सासूने थोरलीची पाठ थोपटली आणि गेली.

थोरलीला कुणाचा इतका राग कधी आला नव्हता. ही चोर म्हणाली असती तर हिच्या सात पिढ्या काढता आल्या असत्या. पूड हिची, गल्ली हिची. आता मोठं मनही हिचंच.

"बरणी दुसरीकडे ठेवत जा," ती म्हणाली.

"का?"

"मी पुन्हा घेईन."

धाकटी हसली नाही. थोरलीला तेही आवडलं नाही.