काकूंचा कान आणि चौथा प्रश्न

परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात तपासणी जोडीने चालते. एकाने मूळ कागद वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या ओळीवर बोट ठेवून ताडून पाहायचं. काकू एकतीस वर्षं बोट ठेवत होत्या. त्यांच्या बोटाखालून अनुस्वारसुद्धा निसटत नसे. समोर वाचायला बसणाऱ्या जोडीदाराला सगळे पोपट म्हणत.

फोन फाटकावरच्या कपाटात ठेवायचा, हा नियम. त्या दिवशी काकूंनी फोन ठेवला, पण कानात लेकाने आणलेलं नवंकोरं श्रवणयंत्र होतं.

"कानाचं यंत्र म्हणजे चष्म्यासारखंच. जा आत," पहारेकरीण म्हणाली.

काम सुरू झालं. मध्येच काकूंच्या कानात टुणटुण झालं, म्हणून त्यांनी यंत्राला बोट लावलं. पोपट चौथा प्रश्न वाचत होता, "एक नळ टाकी वीस मिनिटांत भरतो, दुसरा तीस मिनिटांत. दोन्ही एकदम सोडले तर..."

"बारा मिनिटं!" कानात नातीचा आवाज आला. "आजी, तुझ्याजवळ कोण गणितं घालतंय गं?"

काकू गार पडल्या. भिंतीपलीकडच्या कपाटातला फोन यंत्राला जोडलेला होता. बोट लागताच तो उचलला गेला आणि बंद खोलीतला प्रश्न थेट घरी पोचला.

गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळलं नसतं. काकू उठून तडक व्यवस्थापकांकडे गेल्या.

"तो प्रश्न रद्द. नवा मागवतो," सगळं ऐकून ते म्हणाले. "पण काकू, यंत्र आत चालायचं नाही, आणि त्याच्याशिवाय तुम्हाला ऐकू येत नाही. आता घरी आराम करा."

"यंत्र फाटकावर ठेवते. आराम तुम्ही करा. मी वाचेन, पोपट बोट ठेवेल."

"आजचा दिवस बघतो. नाही जमलं तर उद्यापासून त्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी."

काकूंनी वाचायला घेतलं. पाचच मिनिटांत पहारेकरीण धावत आली. "अरे, आवरा त्यांना! पाचवा प्रश्न मला फाटकावर बसून पाठ झाला!"

पोपटाने कागदावर लिहिलं : हळू.

पण स्वतःचाच आवाज ऐकू येत नसेल, तर हळू म्हणजे नेमकं किती? काकूंनी क्षणभर विचार केला आणि गळ्यावर हात ठेवला. तुम्हीही ठेवून पाहा. बोललं की गळा थरथरतो, नुसतं कुजबुजलं की थरथरत नाही. हाताला थरथर लागली की काकू आवाज उतरवायच्या.

दुपारी व्यवस्थापक दाराला कान लावून उभे राहिले. चकार शब्द नाही. दार ढकलून पाहतात तर काकूंचे ओठ हलताहेत आणि पोपटाचं बोट ओळीवरून सरकतंय. बोट अडखळलं. एका आकड्यापुढचं शून्य गळालं होतं. पोपटाने लाल खूण केली.

"काकू, जरा..." व्यवस्थापक म्हणाले.

"श्शू! साहेब, मध्ये बोललं की ओळ चुकते," पोपट म्हणाला.

साहेबांनी हळूच दार ओढून घेतलं. फाटकावर जाऊन ते पहारेकरणीला म्हणाले, "उद्यापासून काकूंच्या कानासाठी कपाटात एक कप्पा मोकळा ठेव."